धाकटा भाऊ जेवत नाहीये, मी काही बोलले की बिघडतंच... ईटिंग डिसऑर्डर असेल का? काय करू?

पायरीवरची

पहिल्यांदाच लिहितीये, मोठं होणारे, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ १७ वर्षांचा आहे. मी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, त्यामुळे तो मला भाऊ कमी आणि लेकरू जास्त वाटतो. गेल्या वर्षी त्याने सिरीयसली पळायला सुरुवात केली, लांब पल्ल्याच्या रेससाठी, आणि कोचने कधीतरी सगळ्या मुलांना सांगितलं की अंग हलकं असलं की टायमिंग सुधारतं, बास, ते याने धरून ठेवलं. आधी गोड बंद केलं, मग तळलेलं, मग रात्रीचं जेवण, मग 'मी बाहेर खाऊन आलोय' सुरू झालं, आणि आता आठ महिन्यांनी अशी अवस्था आहे की घरात जेवणाची वेळ झाली की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. एवढ्या उकाड्यात तो फुल बाह्यांचा स्वेटशर्ट घालून बसतो कारण त्याला थंडी वाजते. मोबाईलवर तासन्‌तास रेसिपीचे व्हिडिओ बघतो, आमच्यासाठी हौसेने बनवतो पण, आम्हाला आग्रह करकरून वाढतो आणि स्वतः चव सुद्धा घेत नाही, हे मला अजिबात समजत नाही.

परवा मी त्याच्या खोलीत इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले. तो आरशासमोर उभा होता, टीशर्ट वर करून, पोटाची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून एकटक बघत होता. कातडीच होती हो नुसती. मी तशीच मागे फिरले, कपडे हातातच राहिले.

आई रडते, विनवण्या करते, त्याला आवडेल ते करून देते आणि नाही खाल्लं तरी पाठीशी घालते. बाबा ओरडतात, 'ही सगळी नाटकं आहेत' म्हणतात, आणि मग त्या दोघांचं भांडण लागतं, तो उठून आत जातो. मी मधे पडून समजवायला गेले, किती प्रोटीन लागतं, हाडांचं काय होतं सगळं वाचून सांगितलं, त्याला माझ्यापेक्षा जास्त माहितीये सगळं. मागच्या आठवड्यात म्हटलं माझ्यासाठी दोन घास खा ना रे, तर ताट सरकवलं आणि म्हणाला, 'ताई तू हल्ली माझ्या ताटाकडेच बघतेस, माझ्याकडे बघतच नाहीस.' ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये.

आणि एक गोष्ट जी मी घरात कुणालाच सांगितली नाही. सुरुवातीला वजन उतरायला लागलं तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, 'अरे वा, काय मस्त फिट दिसायला लागलास', आणि तो इतका खुलला होता तेव्हा. माझ्या त्या बोलण्याने झालं का हे?

डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतो मला काही झालेलं नाही. हा आजार मुलींचा असतो ना, मुलांना होतो का? आणि मी नेमकं बोलू काय त्याच्याशी?

सरळमार्गी

ताई काळजी करू नका एवढी. वय आहे, या वयात पोरांना बॉडीचं वेड असतं. माझं प्रामाणिक मत सांगतो, सगळ्यांनी मिळून लक्ष देणं बंद करा. ताट वाढा, बोलावू नका, आग्रह करू नका. चार दिवस कुणी विचारलं नाही की भूक लागेल आणि येईल आपोआप. आमच्या घरी लहानपणी असंच करायचे आणि कुणी उपाशी नाही राहिलं.

आभाळमाया

सरळमार्गी, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय हे कळतंय, पण हे कृपा करून कुणी करू नका. रुसलेल्या पोराला हे चालतं, या आजारात नाही चालत. आम्ही हेच केलं होतं, माझी मुलगी तेव्हा १५ ची होती. आम्हाला एका नातेवाईकांनी सांगितलं दुर्लक्ष करा, आम्ही आठ दिवस केलं, आणि नंतर बरी झाल्यावर ती म्हणाली की आई ते आठ दिवस मला वाटत होतं की तुम्ही सुद्धा मान्य केलं की मी खायला नकोच. तिच्या डोक्यात जो आवाज होता ना, त्याला आम्ही मोकळं रान दिलं होतं.

पायरीवरची, तू आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. तुझ्या एका वाक्याने आजार होत नाही. जगात किती भाऊ-बहिणी एकमेकांना फिट दिसतोस म्हणतात. जुळ्या भावंडांवर जे अभ्यास झालेत त्यातून कळतं की अ‍ॅनोरेक्सियामध्ये (वजन वाढायच्या भीतीने खाणं सोडायचा आजार) आनुवंशिकतेचा वाटा चांगलाच मोठा असतो, वर स्वभाव असतो, परफेक्ट करायचा अट्टहास असतो, आणि मग कुठूनतरी ठिणगी पडते, कधी डाएट, कधी एखादा मोठा ताप, कधी कोचचं वाक्य. अपराधीपणा मी पण वर्षभर वाहिलाय, त्याने मुलीच्या पोटात एक घास जास्त गेला नाही, उलट मी घाबरून घाबरून तिच्यापुढे नमतं घेत गेले.

आता तुझा भाऊ जे वाक्य बोलला ना त्यावर बोलते, कारण मला वाटतं तुझं उत्तर त्यातच आहे. आमच्याकडे जी ट्रीटमेंट केली ती फॅमिली थेरपी, लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात सुरू झालेली, घरी राहणाऱ्या कमी वयाच्या पेशंटसाठी आज बऱ्याच ठिकाणी तीच आधी सुचवतात. त्यात सुरुवातीला जेवणाचा सगळा ताबा आईवडील घेतात. काय खायचं, किती, कधी, हे मुलाला विचारायचंच नाही, जसं न्यूमोनिया झालेल्या मुलाला औषध घेशील का असं आपण विचारत नाही. वजन आणि तब्येत सावरली की हळूहळू ताबा मुलाच्या हातात परत द्यायचा, आणि शेवटी मग वयाचे बाकीचे प्रश्न. आणि या सगळ्यात भावंडांना जेवणाच्या ड्युटीवर ठेवायचं नाही असं थेरपिस्ट आम्हाला पहिल्याच दिवशी म्हणाली. माझा मोठा मुलगा तोवर माझ्यासारखाच तिच्या ताटावर पहारा देत होता. त्याला सांगितलं, ताट आईबाबा बघतील, तू तुझ्या बहिणीला बघ. दोघं मिळून जुन्या मालिका बघायचे, ती त्याच्याजवळ आमच्या तक्रारी करायची, की आई राक्षस झालीये. आणि तो म्हणायचा, हो गं, अवघड जात असेल. एवढंच. तो तिची बाजू पण घ्यायचा नाही आणि आमच्याविरुद्ध पण जायचा नाही. ते एक नातं आजारापासून वाचलं म्हणून ती टिकली असं मला वाटतं.

तेव्हा तू आईबाबांना एका बाजूला आण. ते सगळ्यात कठीण आहे, पण तिथेच तुझी ताकद लाव. आई पाठीशी घालणार आणि बाबा ओरडणार, आमच्या थेरपिस्टच्या भाषेत एक कांगारू आणि एक गेंडा. कांगारू पोटाच्या पिशवीत लपवतं, गेंडा शिंग रोखून अंगावर जातो, आणि आजार दोघांच्या मधून निसटतो. ती म्हणायची डॉल्फिन व्हा, बुडणाऱ्याच्या बाजूने पोहत राहायचं, कधी पुढे होऊन वाट दाखवायची, कधी हलकेच ढकलायचं. मला तेव्हा ते लहान मुलांचं वाटलं होतं, पण जेवणाच्या टेबलावर नवऱ्याचा आवाज चढला की मी नुसतं 'गेंडा' म्हणायचे आणि तो थांबायचा.

स्टेथो_आणि_चहा

मी फिजिशियन आहे, मानसोपचारवाली नाही, पण असे पेशंट वॉर्डात येतात म्हणून लिहिते. इथे वाचून निदान होत नाही हे आधी सांगते. पण तुम्ही जे लिहिलंय, थंडी वाजणं, आठ महिने, सोबत भरपूर पळणं, ते वाचून माझं म्हणणं एवढंच की या आठवड्यात त्याची शारीरिक तपासणी झाली पाहिजे, थेरपिस्ट शोधण्याच्या आधी.

तपासणीत काय बघायला सांगा: झोपून आणि मग उभं राहून पल्स आणि बीपी, ईसीजी, शरीराचं तापमान, रक्तात साखर, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम. आणि एक लक्षात ठेवा, रक्त नॉर्मल आलं म्हणजे सगळं ठीक असं नाही, शरीर बरेच दिवस आकडे सांभाळून धरतं आणि मग एकदम सोडतं. दुसरं, तो पळणारा मुलगा आहे त्यामुळे पल्स स्लो आला तर कुणीतरी म्हणेल 'अ‍ॅथलीट आहे, असायचाच'. तिथे गप्प बसू नका. उपाशी शरीर वाचवावाचवी करायला लागतं तेव्हाही हृदय संथ होतं, आणि ते फिटनेसचं लक्षण नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की आठ महिन्यांपासून खाणं कमी केलंय आणि वजन उतरतंय. शक्य असेल तर लहानपणापासूनच्या उंची-वजनाच्या नोंदी घेऊन जा, वाढत्या वयात 'या वयाला नॉर्मल' पेक्षा 'याच्या स्वतःच्या वाढीच्या रेषेवरून किती घसरला' हे जास्त सांगून जातं.

मुलांना होतो का, तर हो, होतो. आणि उशिरा पकडला जातो. अ‍ॅनोरेक्सियाच्या अमेरिकन मानसोपचार निकषांत पूर्वी पाळी बंद होणं ही अट होती, ती २०१३ च्या आवृत्तीत काढली. विचार करा, त्या अटीत मुलगे कुठे बसणार होते. मुलींची पाळी गेली की किमान घरात कुणाच्या तरी लक्षात येतं, मुलांमध्ये हार्मोन तसंच खाली जातं, हाडं तशीच ठिसूळ होतात, पण बाहेर काही दिसत नाही.

सरळमार्गी यांच्यासाठी आणि रेसिपीच्या व्हिडिओबद्दल एक सांगते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी एक प्रयोग केला होता, युद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत खातं कसं करायचं ते कळावं म्हणून. ३६ तरुण स्वयंसेवक, शरीराने आणि मनाने धडधाकट, कुणालाही असला आजार नाही. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन पाव भागाने उतरलं, पण खरं बघण्यासारखं झालं ते डोक्यात. हे तरुण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले, एक जेवण तासन्‌तास चिवडायचे, थंडी वाजायची, चिडायचे, माणसं नकोशी झाली. परत खायला मिळाल्यावर सुद्धा काही जणांना पूर्ववत व्हायला महिने लागले. म्हणजे तुमचा भाऊ व्हिडिओ बघतो, तुम्हाला वाढतो, स्वेटशर्ट घालतो, चिडतो, यातलं बरंचसं उपाशी मेंदू करतोय. म्हणून 'आधी मन बरं होऊ दे मग खाईल' हे उलटं आहे. खाणं हेच पहिलं औषध.

पण त्याच बरोबर, घरच्याघरी एका दिवसात भरपेट खायला घालायचा प्रयत्न करू नका. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला अचानक जास्त मिळालं की रक्तातलं फॉस्फेट झपकन खाली येतं आणि हृदयाला धोका होतो, याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. किती वाढवायचं ते तपासणीनंतर डॉक्टर ठरवतील.

चक्कर येऊन पडला, छातीत दुखलं, धडधड झाली, बसल्याजागेवरून हाताचा आधार न घेता उठता येईना, पाणीही नको म्हणाला, किंवा जगून काय करू असं काही बोलला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीला न्यायचं. या आजारात जीव जातो, उपासमारीने जातो आणि आत्महत्येनेही जातो. घाबरवायला लिहीत नाहीये, नंतर 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' म्हणणारे आईवडील मी बघितलेत.

सरळमार्गी

डॉक्टर, आभाळमाया, धन्यवाद. मला हे खरंच माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो, ताई तसं करू नका.

दुसरा_डाव

मी मुलगा आहे, आता ३१ चा, आणि मला १९ ते २५ बुलिमिया होता, म्हणजे भरमसाट खायचं आणि मग उलटी वगैरे करून ते काढून टाकायचं. अ‍ॅनोरेक्सिया नाही, त्यामुळे तुझ्या भावाचं सगळं मला लागू होईल असं नाही, पण आतून कसं असतं ते थोडं सांगू शकतो.

माझं वजन कधीच फार कमी नव्हतं त्यामुळे सहा वर्षं कुणाला कळलं नाही. मला स्वतःलाच वाटायचं की पोरांना कुठे असलं काही होतं, मीच घाणेरडा आहे. खूप नंतर कळलं की ब्रिटनचे उपपंतप्रधान राहिलेले जॉन प्रेस्कॉट यांनी २००८ मध्ये जाहीर सांगितलं होतं की आपल्याला बुलिमिया होता, एवढा रांगडा माणूस, कामगार चळवळीतून आलेला. ते वाचलं त्या दिवशी मी रडलो होतो. म्हणून तुझ्या भावाला कधीतरी योग्य वेळी हे कळू दे की तो एकटा मुलगा नाहीये.

आता बोलायचं काय. मी काय बोलू नये ते आधी सांगतो कारण ते मला पक्कं माहितीये. शरीराबद्दल काहीच नको, चांगलं पण नको. मी सुधारत होतो तेव्हा एक काकू प्रेमाने म्हणाल्या 'आता कसा छान दिसतोस, चेहरा भरला', आणि मला त्यातला फक्त 'भरला' ऐकू आला, पुढचे तीन दिवस वाया गेले. तब्येत सुधारली, हेल्दी दिसतोस, रंग आला, हे सगळं त्या आजाराच्या कानाला 'जाड झालास' असंच ऐकू जातं. दुसऱ्याच्या शरीराबद्दल पण नको, स्वतःच्या पण नको, म्हणजे तुझ्या आईने जेवताना 'मला आता कमी केलं पाहिजे, वजन वाढलंय' म्हटलं तरी त्याच्या डोक्यात ते तासभर फिरणार.

आणि 'माझ्यासाठी खा' म्हणू नकोस. तुझं प्रेम कळतं त्याला, पण त्याने काय होतं की नाही खाता आलं की तो तुझा पण गुन्हेगार होतो. त्यापेक्षा 'हे अवघड आहे, दिसतंय मला, मी इथेच आहे' एवढं पुरे.

मला सगळ्यात जास्त उपयोग माझ्या दादाचा झाला आणि त्याने काही विशेष केलं नाही. जेवण झाल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास सगळ्यात वाईट असतो, तेव्हा अंगात किडे वळवळल्यासारखं होतं, उठून काहीतरी करून टाकावं, जे खाल्लं ते नाहीसं करावं असं वाटत राहतं. दादाला थेरपिस्टने हे सांगितलं तेव्हापासून जेवण झालं की तो पत्त्याचा कॅट काढून बसायचा. विचारायचा नाही की कसं वाटतंय, खाल्लंस का नीट. पत्ते पिसायचा आणि वाटायचा. माझं लक्ष नसायचं, मी चुकीचं पान टाकायचो, तो काही बोलायचा नाही, परत वाटायचा. कॅटमधली चौकट राणी एका कोपऱ्यात फाटलेली होती, ती कुणाकडे आहे ते दोघांना दिसायचं, तरी आम्ही तोच कॅट वर्षभर वापरला. एक लाट येते आणि ओसरते हे मला त्या डावांमुळे कळलं, सांगून नसतं कळलं.

(ज्यांच्या घरात उलट्यांचा त्रास आहे त्यांनी दातांच्या डॉक्टरांना खरं सांगा, आणि उलटीनंतर लगेच ब्रश करायला लावू नका, अ‍ॅसिडने मऊ झालेलं आवरण अजून घासलं जातं, नुसतं पाण्याने चूळ भरायची. मला कुणी सांगितलं नव्हतं, दोन दातांना कॅप आहेत.)

पायरीवरची

मी हे सगळं दोनदा वाचलं, आईला पण वाचायला दिलं. काय लिहू कळत नाहीये. दादा तुमचं ते 'भरला' वाचून मला आठवलं की मागच्या महिन्यात मावशीने त्याला 'किती वाळलास' म्हटलं तेव्हा तो हसला होता. खूश होऊन हसला होता. मला तेव्हा कळलंच नव्हतं.

पण तो डॉक्टरकडे येत नाही त्याचं काय करू? ओढून नेऊ का? आभाळमाया काकू तुम्ही कसं नेलं?

आभाळमाया

ओढून नाही, पण परवानगी मागून पण नाही. त्याला पटवायचा प्रयत्न सोडून द्या, या आजारात 'मला काही झालेलं नाही' हा आजाराचाच भाग असतो, तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटतं. आम्ही सहा महिने तिला पटवण्यात घालवले. ते सहा महिने मला परत मिळाले तर मी काहीही देईन.

आम्ही असं केलं. जेवणाची वेळ नाही, भांडण झालेलं नाही, संध्याकाळी, दोघांनी शेजारी बसून, एकच वाक्य ठरवून ठेवलं होतं. 'आम्हाला तुझी काळजी वाटते, गुरुवारी आपण डॉक्टरकडे जातोय, आम्ही दोघं सोबत असू.' ती ओरडली, रडली, म्हणाली मी घर सोडून जाईन. मी परत तेच वाक्य म्हटलं. नवऱ्याने पण तेच म्हटलं. कारणं दिली नाहीत, कारण एक कारण दिलं की ती चार काढायची आणि वादात आमच्यापेक्षा हुशार होती. गुरुवारी ती गाडीत बसली, पूर्ण रस्ता खिडकीकडे तोंड करून. नंतर, दोन वर्षांनी, म्हणाली की गाडीत बसल्यावर थोडं हलकं वाटलं होतं, कारण आता निर्णय तिला घ्यायचा नव्हता.

तो १७ चा आहे, म्हणजे अजून हे आईबाबांच्या हातात आहे, ते वापरा. सज्ञान झाला की बरंचसं त्याच्या संमतीवर जातं आणि मग फार अवघड होतं. आणि पळणं बंद करावं लागेल डॉक्टर हो म्हणेपर्यंत. त्यावर तो सगळ्यात जास्त चिडेल, तयारी ठेवा. कोचशी बाबांनी स्वतः बोलावं.

रात्रपाळी

थोडं वेगळं लिहितोय. माझ्या बायकोला बिंज ईटिंग आहे, म्हणजे ताबा सुटून एकदम खूप खाल्लं जातं. इथे सगळे न खाण्याबद्दल बोलतायत पण हाही त्यातलाच आजार आहे, आणि यात लोक सहानुभूती पण देत नाहीत, सरळ तोंडावर कंट्रोल ठेव म्हणतात. मी पण म्हणायचो. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नजर ठेवायचो, ती लपून खायची, मला रिकामी पाकिटं कपाटात सापडायची आणि मी ती तिच्यासमोर मांडायचो, जसा पुरावा सापडलाय. आज त्या गोष्टीची लाज वाटते. थेरपिस्टने मला सांगितलं की दिवसभर उपाशी राहून स्वतःला शिक्षा करण्याने रात्रीचा बिंज अजून पक्का होतो, म्हणून तिच्यासोबत वेळेवर तीन वेळा जेवायला बसा, बाकी काही करू नका. मी शिफ्ट बदलून घेतली.

एवढं सांगायला आलो की जो सांभाळतो त्याचं पण कुणीतरी ऐकायला हवं. पायरीवरची, तू घरात आई, बाबा आणि भाऊ तिघांच्या मधे उभी आहेस. तुझ्याशी बोलायला कुणी आहे का? मी आठवड्यातून एकदा एका मित्राला फोन करतो, आजाराबद्दल बोलतोच असं नाही.

पायरीवरची

तीन आठवड्यांनी लिहितीये. उशीर झाला, सगळ्यांनी मेसेज केले त्यांना उत्तर दिलं नाही, सॉरी.

आईबाबांनी तसंच केलं, एकच वाक्य. बाबांचा आवाज मधे चढायला लागला आणि आईने त्यांच्या हातावर हात ठेवला, मी दारातून बघत होते. तो मला म्हणाला 'ताई तू सांग ना यांना'. इतकं जड गेलं. मी म्हटलं मी पण येतीये सोबत. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

डॉक्टरांनी पल्स बघितला आणि कुणीतरी खरंच म्हणालं 'स्पोर्ट्समध्ये आहे का'. आईने पर्समधून कागद काढला, तिने आठ महिन्यांचं सगळं लिहून नेलं होतं. मग ईसीजी झाला आणि त्याला तिथूनच अ‍ॅडमिट केलं. बारा दिवस होता. रोज रक्त तपासत होते आणि खाणं थोडं थोडं वाढवत होते, डॉक्टर तुम्ही लिहिलेलं तसंच. बाबा पहिल्या रात्री मॉनिटरकडे बघत बसले होते, रात्री पल्सचा आकडा अजून खाली जायचा. सकाळी मला म्हणाले, 'मी नाटक म्हणत होतो गं याला.' मी काही बोलू शकले नाही.

आता घरी आलाय. सायकिअ‍ॅट्रिस्ट आणि फॅमिली थेरपिस्ट दोघं चालू आहेत. सोपं अजिबात नाहीये, काल त्याने भांडं भिंतीवर फेकलं, आईला नको नको ते बोलला, आणि आई खुर्चीवरून उठली नाही, म्हणाली 'मला माहितीये हे तू नाही बोलत, ताट इथेच आहे आणि मी पण इथेच आहे.' मी तिला असं कधी बघितलं नव्हतं.

मी ताटाकडे बघणं सोडलं. म्हणजे प्रयत्न करते, नजर जातेच. आम्ही लहान असताना मी त्याच्यासाठी वहीत चौकोन आखून शब्दकोडी बनवायचे, ते परत सुरू केलंय. रोज रात्री एक बनवते, दुसऱ्या दिवशी त्याचं जेवण झालं की समोर ठेवते आणि त्याच्या बाजूला बसते. पहिले पाच-सहा दिवस त्याने पेन उचललं नाही, मीच सोडवत बसायचे माझं मी. रात्रपाळी, तुमचं वाचून मी पण माझ्या एका मैत्रिणीला सगळं सांगितलं, पहिल्यांदा.

आज दुपारी ताट संपायला पावणेदोन तास लागले. शेवटचा घास झाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आई ताट घेऊन आत गेली, तो गुडघ्यात डोकं घालून बसला. मी कोडं ठेवलं आणि काही बोलले नाही. बराच वेळ गेला. मग डोकं वर न करता म्हणाला, 'ताई, आडवा सात चुकलाय तुझा. त्यात चारच घरं आहेत.'

खरंच चुकला होता. मी खोडून परत आखला, आणि त्याने माझ्या हातातून पेन घेतलं.